झुरळं, उंदीर आणि एक नोबेल

मेसच्या भाजीत झुरळ निघालं की काय होतं ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. पाच मिनिटं आरडाओरडा, मेस कमिटीच्या नावानं शंख, आणि रात्री पुन्हा त्याच टेबलावर तेच ताट! झुरळाकडे याहून जास्त लक्ष द्यावं असं आपल्याला कधी वाटत नाही. पण डेन्मार्कमध्ये एक डॉक्टर होऊन गेले. त्यांनी झुरळांचा असा काही पाठपुरावा केला की ते थेट नोबेल पारितोषिकापर्यंत जाऊन पोचले. त्यांचं नाव योहानेस फिबिगर. आणि गंमत म्हणजे (की दुर्दैव म्हणायचं?) ज्या शोधासाठी त्यांना नोबेल मिळालं, तो शोध पुढे चुकीचा ठरला.

आता इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात डॉक्टरांची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला कारण आहे. ट्रायकोमोनास नावाचा एक एकपेशीय परजीवी आहे. १८३६ साली पॅरिसच्या आल्फ्रेड डॉने यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला. तो लैंगिक संबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात त्याची सुमारे १५ कोटी ६० लाख नवी लागण झाली. पुरुषांना लागण झाली तरी बहुतेकांना त्रास होत नाही, त्यामुळे पत्ताही लागत नाही. हा पाहुणा मूत्रमार्गातून प्रोस्टेट ग्रंथीपर्यंत जाऊन तिथेही मुक्काम ठोकू शकतो. म्हणूनच गेली काही वर्षं संशोधक एक प्रश्न विचारताहेत - या परजीवीमुळे प्रोस्टेटचा कॅन्सर होतो का?

विषय चारचौघात बोलायचा नाही असं आपण मानतो, म्हणून अशा बातमीची फक्त हेडलाइन वाचली जाते आणि रात्री रूमवर दबक्या आवाजात चर्चा होते. एक म्हणतो, होतोच. दुसरा म्हणतो, काहीतरीच काय! दोघांनीही आकडे पाहिलेले नसतात. या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी फिबिगर यांचं आयुष्य जरूर वाचावं, असं मला वाटतं. कारण परजीवीमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध केल्याबद्दल जगातलं सर्वात मोठं बक्षीस मिळवणारा हा माणूस होता.

फिबिगर यांचा जन्म २३ एप्रिल १८६७ रोजी डेन्मार्कमधल्या सिल्केबोर्ग या गावी झाला. वडील डॉक्टर, आई लेखिका. वडील लवकर गेले, आणि आई मुलांना घेऊन कोपनहेगनला आली. तिथेच शिक्षण होऊन १८९० मध्ये फिबिगर डॉक्टर झाले. तो काळ जीवाणूशास्त्राच्या ऐन भराचा होता. जर्मनीत रॉबर्ट कॉख आणि एमिल बेरिंग यांच्यासारखी मंडळी एकेका रोगाचा जंतू हुडकून काढत होती. फिबिगर यांनी या दोघांच्याही हाताखाली काम केलं. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर, त्या काळच्या सर्वात भारी लॅबमध्ये त्यांची ट्रेनिंग झाली. १८९५ मध्ये घटसर्पाच्या जंतूवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या पत्नी माथिल्डा याही डॉक्टरच होत्या.

इथून त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा प्रसंग सुरू होतो. माझ्या मते तो नोबेलपेक्षा मोठा आहे.

घटसर्प हा त्या वेळी लहान मुलांचा काळ होता. घशात पडदा धरायचा, श्वास कोंडायचा आणि मूल हातचं जायचं. बेरिंग आणि मंडळींनी घोड्याच्या रक्तातून त्यावर रक्तद्रव, म्हणजे सीरम, तयार केलं होतं. ते दिल्यावर मृत्यू कमी झाले असं सगळीकडून कळत होतं. पण फिबिगर यांना एक शंका होती. कमी झाले म्हणजे कशाच्या तुलनेत? मागच्या वर्षीच्या तुलनेत? पण घटसर्पाची साथ एका वर्षी जोराची असते, एका वर्षी सौम्य. यंदा साथच सौम्य असेल तर श्रेय सीरमला कसं द्यायचं? आणि डॉक्टरनेच कुणाला सीरम द्यायचं हे ठरवलं, तर कळत नकळत तो आपल्याला हवे तसे पेशंट निवडणार. आपण नाही का, ग्राफवर न बसणारा पॉइंट हळूच वगळतो!

फिबिगर यांनी उपाय काढला तो अगदी साधा होता. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम हॉस्पिटलात १३ मे १८९६ पासून बरोबर एक वर्ष त्यांनी नियम पाळला. आज दाखल झालेल्या घटसर्पाच्या पेशंटना नेहमीचे उपचार अधिक सीरम. उद्या दाखल होतील त्यांना फक्त नेहमीचे उपचार. परवा पुन्हा सीरम. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, तर दाखल होण्याच्या तारखेवर! वर्षभरात ४८४ पेशंट झाले. सीरम मिळालेल्या २३९ पैकी ८ दगावले. न मिळालेल्या २४५ पैकी ३० दगावले. टक्केवारी काढली तर तीन आणि बारा. १८९८ मध्ये हे सगळं छापून आलं, आणि सीरमबद्दलचा वाद मिटायला भक्कम आधार मिळाला. आज कुठलंही नवं औषध बाजारात येण्याआधी जी चाचणी होते, तिच्या पूर्वजांमध्ये या प्रयोगाचं नाव घेतलं जातं.

हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. दुसऱ्या गटातले ते ३० जण माणसं होती. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये बीम तुटला तर दुसरा लावतो. इथे तसं नव्हतं. पण सीरमचा खरोखर उपयोग होतो की नाही हे तेव्हा कुणालाच खात्रीने माहीत नव्हतं, आणि खात्री झाल्यावर त्याचा फायदा पुढच्या असंख्य मुलांना झाला. तुलनेसाठी गट ठेवणं किती महत्त्वाचं असतं आणि त्याची किंमत काय असते, हे फिबिगर यांच्याइतकं त्या काळी फार थोड्यांना कळलं असेल. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९०० साली, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते कोपनहेगन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. नंतर त्यांनी क्षयरोगाचा अभ्यास हाती घेतला. त्यांचे गुरू कॉख यांनी १९०१ मध्ये मत मांडलं होतं की गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही. फिबिगर आणि त्यांचे सहकारी येन्सेन यांनी प्रयोग करून दाखवलं की गुरांचा क्षय माणसाला होऊ शकतो. कॉख म्हणजे तेव्हाचं केवढं मोठं नाव! पण पुराव्यापुढे त्यांनी गुरूचीही भीड ठेवली नाही. असा हा माणूस होता. भोळा नाही, उतावळा नाही, नावाला दबणारा तर मुळीच नाही.

१९०७ मध्ये क्षयाच्याच कामासाठी काही उंदीर कापून पाहताना तीन उंदरांच्या जठरात त्यांना विचित्र गाठी दिसल्या. हे उंदीर डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टू, इथून आलेले होते. गाठींचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आत जंत! कॅन्सर कशाने होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सतत टोचणी लागल्याने होतो असं एक मत होतं, जंतूमुळे होतो असं दुसरं. पण निरोगी प्राण्यात मुद्दाम कॅन्सर करून दाखवणं कुणाला जमलेलं नव्हतं. फिबिगर यांच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. या जंतामुळेच तर गाठ झाली नसेल?

त्यांनी गाठींचे तुकडे, जंत आणि अंडी दुसऱ्या उंदरांना खायला घातली. काही झालं नाही. मग कोपनहेगनमधले हजाराहून जास्त उंदीर तपासले. एकातही तसली गाठ नाही! आपण पाचव्या रीडिंगला कंटाळतो, हे गृहस्थ हजाराच्या पुढे गेले तरी थांबले नाहीत. मग त्यांना वाटलं, या जंताच्या आयुष्यात मध्ये आणखी कुणी प्राणी असला पाहिजे. असा प्राणी म्हणजे झुरळ असू शकतं. म्हणून झुरळं आणि उंदीर दोन्ही भरपूर असतील अशी जागा शोधायला हवी. ती सापडली कोपनहेगनमधल्या एका साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यात. तिथल्या उंदरांच्या पोटात तो जंत निघाला, काहींच्या जठरात गाठीही निघाल्या, आणि तिथल्या झुरळांच्या स्नायूंत जंताच्या वेटोळं करून बसलेल्या अळ्या निघाल्या.

साखळी जुळली. उंदराच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. ती झुरळ खातं. झुरळाच्या अंगात अळी वाढते. ते झुरळ उंदीर खातो, आणि जंत उंदराच्या जठरात घर करतो. आता फिबिगर यांनी लॅबमधल्या निरोगी उंदरांना अशी झुरळं खायला घातली. पुष्कळांच्या जठरात गाठी आल्या. काही उंदरांत कॅन्सर झाला आणि तो दुसऱ्या अवयवांत पसरला, असंही त्यांनी नोंदवलं. १९१३ साली त्यांनी हे जाहीर केलं आणि वैद्यकीय जगात खळबळ उडाली. त्या जंताला त्यांनी नाव दिलं ते स्पायरोप्टेरा कार्सिनोमा. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. म्हणजे आरोपीच्या नावातच निकाल लिहून टाकला!

पुढची हकीकत थोडक्यात. १९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशाच्या कानाला महिनोन् महिने डांबर चोळून कॅन्सर करून दाखवला. फिबिगर यांनी मोठ्या मनाने त्या पद्धतीची दखल घेतली आणि स्वतः उंदरांवर डांबराचे प्रयोगही केले. नोबेलसाठी फिबिगर आणि यामागिवा या दोघांची नावं पुढे आली. समितीत मतभेद झाले. १९२६ चं पारितोषिक त्या वर्षी कुणालाच दिलं गेलं नाही, राखून ठेवलं. १९२७ मध्ये ते एकट्या फिबिगर यांना मिळालं. यामागिवा यांचे हात रिकामेच राहिले, आणि १९३० मध्ये ते वारले. आज मागे वळून पाहिलं तर खरा ठरलेला प्रयोग डांबराचाच होता.

फिबिगर यांना बक्षिसाचं सुख फार दिवस लाभलं नाही. डिसेंबर १९२७ मध्ये स्टॉकहोमला सन्मान झाला आणि ३० जानेवारी १९२८ रोजी ते गेले. वय अवघं साठ. त्यांना स्वतःला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. ज्या रोगामागे वीस वर्षं धावले त्यानेच त्यांना गाठलं. आपला शोध टिकणार नाही हे मात्र त्यांना पाहावं लागलं नाही.

मग चुकलं कुठे?

फिबिगर यांच्या उंदरांचा आहार होता मुख्यतः पाव आणि पाणी. त्यात अ जीवनसत्त्व जवळपास नाही. योगायोग पाहा, ज्या १९१३ साली त्यांनी शोध जाहीर केला, त्याच वर्षी अमेरिकेत लोण्यातल्या त्या घटकाचा पहिला पुरावा छापून आला, ज्याला पुढे अ जीवनसत्त्व म्हणू लागले. अ जीवनसत्त्व नसेल तर शरीरातली आतली अस्तरं बिघडतात, जाड आणि खरबरीत होतात. १९२६ मध्ये जपानच्या फुजिमाकी यांनी दाखवलं की नुसत्या अशा आहारानेही उंदरांच्या जठरात गाठीसारखे बदल होतात. पुढे १९५२ मध्ये हिचकॉक आणि बेल या अमेरिकन संशोधकांनी सगळा प्रयोग नव्याने मांडला. काही उंदरांना जंत आणि चांगला आहार, काहींना जंत आणि अ जीवनसत्त्व नसलेला आहार. चांगलं खाणाऱ्या उंदरांत जंतामुळे थोडीशी जाडी आली, बस्स. निकृष्ट आहार अधिक जंत, असं दोन्ही जमलं तेव्हाच फिबिगर यांच्यासारख्या मोठ्या गाठी आल्या. आणि त्याही कॅन्सरच्या नव्हत्याच!

म्हणजे दोन चुका झाल्या. एक, जे कॅन्सर नव्हतं त्याला कॅन्सर म्हटलं गेलं. दोन, आहाराचा परिणाम वेगळा काढून पाहिला गेला नाही. आपल्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात, एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळ्या स्थिर ठेवा. ज्या माणसाने १८९६ मध्ये ४८४ पेशंटवर हा धडा जगाला घालून दिला, त्याच माणसाच्या हातून तो उंदरांच्या पिंजऱ्यापाशी निसटला. हे वाचून मला हसू आलं नाही, भीती वाटली. एवढा काटेकोर माणूस चुकू शकतो, तर रीडिंग ॲडजस्ट करून जर्नल पूर्ण करणारे आपण कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ट्रायकोमोनास आणि प्रोस्टेट.

२००६ मध्ये अमेरिकेत आरोग्य क्षेत्रातल्या पुरुषांचा एक अभ्यास छापून आला. प्रोस्टेट कॅन्सर झालेले ६९१ आणि न झालेले ६९१ घेतले, आणि रक्तात या परजीवीविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधली. कॅन्सरवाल्यांपैकी १३ टक्क्यांत ती सापडली, दुसऱ्यांपैकी ९ टक्क्यांत. २००९ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात, अमेरिकन डॉक्टरांच्याच रक्तावर, पुढे जिवावर बेतलेल्या कॅन्सरशी हा संबंध जास्त ठळक दिसला. पण त्याच वर्षी तिसऱ्या मोठ्या अभ्यासात संबंध दिसलाच नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की हा परजीवी माणसाच्या एका प्रथिनासारखं प्रथिन सोडतो. त्यामुळे दाह वाढतो आणि लॅबमधल्या बशीत प्रोस्टेटच्या पेशी जोमाने वाढतात. म्हणजे संबंध असलाच तर तो कसा असेल याचा एक मार्ग सापडला. पण बशी म्हणजे माणूस नव्हे.

९ आणि १३ मधला फरक पाहून निकाल द्यायचा मोह होतो. पण फिबिगर यांचा पाव आठवा. इथला पाव कोणता असू शकेल? एक म्हणजे, प्रतिद्रव्यं सांगतात की लागण कधीतरी झाली होती. कधी, किती दिवस, हे सांगत नाहीत. दुसरं, ज्याला एक लैंगिक आजार होतो त्याला दुसराही झालेला असू शकतो, मग दोषी कोण? तिसरं तर आपल्याला लगेच पटेल असं आहे. प्रोस्टेटला सूज आली की रक्तातलं पीएसए नावाचं प्रथिन वाढतं. ते वाढलं की डॉक्टर तुकडा काढून तपासतात. जास्त तपासण्या झाल्या की जास्त कॅन्सर सापडतात, एरवी जे लक्षातही आले नसते तेही. म्हणजे परजीवीने कॅन्सर केला नाही, फक्त आपल्याला तो शोधायला लावला, असंही असू शकतं! हा शेवटी मोजमापाचाच दोष झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्करोगकारकांच्या यादीत ट्रायकोमोनासचं नाव आजही नाही.

मग काहीच संबंध नसतो असं म्हणून मोकळं व्हायचं का? तेही नाही. फिबिगर यांचं उत्तर चुकलं, प्रश्न चुकला नव्हता. रक्तात राहणाऱ्या एका चपट्या कृमीमुळे मूत्राशयाचा, आणि कच्च्या माशातून येणाऱ्या यकृतातल्या कृमीमुळे पित्तनलिकांचा कॅन्सर होतो, हे १९९४ मध्ये त्याच संस्थेने मान्य केलं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जीवाणूलाही तेव्हाच त्या यादीत जागा मिळाली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो, या शोधाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. ही उत्तरं टिकली, कारण ती वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी तपासली तरी तीच आली. ट्रायकोमोनासच्या बाबतीत ते अजून झालेलं नाही, इतकंच.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. कॅन्सरचा निकाल लागो न लागो, ही लागण टाळण्यासारखी आहेच. निरोधने तिचा धोका बराच कमी होतो. झालीच तर साध्या गोळ्यांनी ती बरी होते, मात्र दोघांनी उपचार घ्यावे लागतात, नाहीतर परत येते. लाजून रूमवर बसण्यापेक्षा दवाखान्यात गेलेलं बरं. डॉक्टरांनी याहून खूप काही पाहिलेलं असतं!

फिबिगर यांचं नोबेल परत घेतलं गेलं नाही, तसा नियमच नाही. यादीत १९२६ समोर त्यांचं नाव आजही आहे. काही जण त्यांना चुकीच्या नोबेलचे मानकरी म्हणून हसतात. मला मात्र त्यांची दोन चित्रं एकदम दिसतात. एकात ते हॉस्पिटलात आजची तारीख पाहून सीरम द्यायचं की नाही ठरवताहेत. दुसऱ्यात ते उंदराच्या पिंजऱ्यात पावाचा तुकडा टाकताहेत, आणि त्या तुकड्याकडे त्यांचं लक्ष नाही. माणूस तोच आहे.

पुढच्या सबमिशनला रीडिंग मनासारखं आलं की जरा थांबा, आणि आपला पाव कुठे पडलाय ते शोधा. आणि मेसमध्ये झुरळ दिसलंच, तर शंख करण्याआधी फिबिगर यांची एकदा आठवण काढा!